बुद्धिबळ : वरचढ खेळाडूच बरोबरी मागतो, तेव्हा होकार द्यावा का?

समजा, जामनेरचा एक क्लब खेळाडू जळगावला रेटिंग स्पर्धेत खेळतोय. त्याचे रेटिंग १५००, समोरच्याचे १७००. दोघांकडे एकेक हत्ती आणि चार-चार प्यादी उरली आहेत. समोरचा चाल करतो आणि विचारतो, 'बरोबरी?' आता काय करायचे?

रेटिंगचा हिशेब काय?
भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अर्पाद एलो यांची पद्धत फिडेने १९७० मध्ये स्वीकारली. २०० गुणांचा फरक असेल, तर खालच्या खेळाडूकडून ०.२४ गुणाची अपेक्षा धरली जाते. मिळालेल्या गुणातून ती वजा करून २० ने गुणायचे. (३० डाव पूर्ण केलेल्या, २४०० च्या आतील प्रौढांसाठी हा आकडा २० असतो.)

- जिंकल्यास : १५.२ गुणांची वाढ
- बरोबरीत : ५.२ गुणांची वाढ
- हरल्यास : ४.८ गुणांची घट

मग बरोबरी फायद्याचीच?
इथेच अनेक जण फसतात. बरोबरीच्या तुलनेत विजयाने १० गुण जास्त मिळतात, पराभवाने १० कमी होतात. म्हणजे १७०० या आकड्याला घाबरून होकार देण्यात अर्थ नाही. जिंकण्याची शक्यता हरण्यापेक्षा जास्त वाटत असेल, तर खेळावे. शिवाय बरोबरीत समोरच्याचे ५.२ गुण जातात. तरीही तो ती मागतोय, म्हणजे त्याला पटावर धोका दिसत असू शकतो.

नियम काय सांगतो?
दिलेला प्रस्ताव मागे घेता येत नाही. विचार करायला मुभा आहे, पण वेळ आपल्याच घड्याळातला जातो. आणि चाल करण्यासाठी मोहऱ्याला हात लावला, की तो नकारच!