६६अ गेले, ६९अ राहिले

बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिले म्हणून नोव्हेंबर २०१२मध्ये पालघरच्या एका तरुणीला अटक झाली. तो मजकूर ‘लाइक’ केला म्हणून तिच्या मैत्रिणीलाही! माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ त्यांना लावले गेले. ‘त्रासदायक’सारख्या मोघम शब्दांवर तीन वर्षांपर्यंत कैद, असे ते कलम. श्रेया सिंघल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते रद्द केले. सरकारला संकेतस्थळे व मजकूर रोखू देणारे ६९अ मात्र टिकले. त्याखालच्या २००९च्या नियमांतला १६वा नियम मजकूर रोखण्याच्या तक्रारी आणि त्यांवरची कारवाई गोपनीय ठेवतो. त्यामुळे आपले लेखन का अडवले, हे अनेकदा लिहिणाऱ्यालाच कळत नाही. ही गुप्तता हटलीच पाहिजे.