शेती-अनुदानांची जाहीर यादी : टेक्सासच्या किनाऱ्यावरील अनुभव

सरकारी तिजोरीतून शेतकऱ्यास मिळणारी रक्कम ही त्याची खाजगी बाब मानावयाची की सार्वजनिक हिशेबाचा भाग, हा प्रश्न अमेरिकेत दीर्घकाळ वादाचा ठरला आहे. मेक्सिकोच्या आखातालगतची मॅटागोर्डा काउंटी व तिला लागूनच असलेली व्हार्टन काउंटी हा टेक्सासचा भातपट्टा होय. या प्रश्नाची व्यावहारिक बाजू येथे विशेष स्पष्टपणे दिसून येते.

अमेरिकेच्या 1966 च्या माहिती स्वातंत्र्य कायद्यान्वये सरकारी कागदपत्रे नागरिकास मागता येतात; मात्र व्यक्तीच्या खाजगी जीवनावर उघडउघड अनुचित आक्रमण होत असेल तर माहिती नाकारता येते. या अपवादाच्या आधारे कृषिखात्याने कापूस-अनुदान घेणाऱ्यांची नावे देण्याचे नाकारले. 1996 साली संघीय न्यायालयाने ‘वॉशिंग्टन पोस्ट’ या वृत्तपत्राच्या बाजूने निकाल दिला व नावे-पत्ते उघड करावयास लावले. पुढे 2001 साली ‘एन्व्हायरन्मेंटल वर्किंग ग्रूप’ या संस्थेने देशभरच्या अनुदानांची सूची इंटरनेटवर सर्वांस खुली केली.

या प्रसिद्धीचे महत्त्व कळण्यासाठी अनुदानाची रचना ध्यानात घेतली पाहिजे. 1996 च्या कृषी कायद्याने रक्कम चालू पिकाशी न जोडता जमिनीच्या पूर्वीच्या पिकाच्या नोंदीशी जोडली. 2002 च्या कायद्याने ही पद्धत ‘थेट रक्कम’ या नावाने चालू ठेवली. भातासाठी दर शंभर पौंडांस 2.35 डॉलर असा दर होता. याचा अर्थ असा की, भात न पेरताही नोंदीच्या बळावर पैसे मिळत. ज्या भागात बरीचशी जमीन कुळे कसतात, तेथे मालकास कुळावाचून रक्कम घेणे शक्य झाले आणि कुळाच्या पायाखालची जमीन डळमळू लागली. 2006 साली ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने सरकारी नोंदी तपासून दाखविले की, 2000 पासून शेती न करणाऱ्यांस किमान 1.3 अब्ज डॉलर दिले गेले होते. जुन्या भातखाचरांवर घरे उठली, तरी रक्कम चालू राहिल्याची उदाहरणे टेक्सासमध्येच आढळली. 2014 च्या कायद्याने थेट रकमा रद्द झाल्या.

तथापि यादी वाचताना विवेक हवा. रक्कम म्हणजे नफा नव्हे. तसेच घेणाऱ्याच्या पत्त्यानुसार लावलेली यादी व जमिनीनुसार लावलेली यादी एकच नसते. काउंटीतील जमिनीचा पैसा दूरच्या शहरातील मालकाकडे जाऊ शकतो.

खाजगीपणाची बाजूही दुर्लक्षणीय नाही. 2008 च्या कृषी कायद्याने शेताचे नकाशे व पीकविषयक तपशील गुप्त ठेवले, परंतु रकमा व नावे मात्र खुली राहू दिली. युरोपीय न्यायालयाने 2010 साली व्यक्तींची नावे सरसकट प्रसिद्ध करणे अवैध ठरविले. त्यानंतर 2013 च्या नियमाने लहान रकमा घेणाऱ्यांची नावे वगळून प्रसिद्धी पुन्हा सुरू केली. दोन्हीकडे सीमारेषा आखण्याचाच हा प्रयत्न होता.

आता अमेरिकेत अनुदानाचा मोठा भाग पीकविम्याच्या हप्त्यातून दिला जातो. हप्त्याचा सुमारे 60 टक्के भार सरकार उचलते, पण त्याचा लाभ घेणाऱ्यांची नावे कायद्याने गुप्त आहेत. म्हणजे पैशाची वाट बदलली, की जुनी जाहीर यादी अपुरी ठरते. यावरून असा निष्कर्ष निघतो की, प्रसिद्धीचा नियम एखाद्या योजनेच्या नावाशी न बांधता सार्वजनिक पैशाशीच बांधला पाहिजे. अन्यथा जमीन कोण कसतो आणि पैसा कोण घेतो, या प्रश्नाचे उत्तर कुळासही मिळणार नाही व करदात्यासही मिळणार नाही.