द्राक्षविद्येचे विद्यापीठ

१८८० साली कॅलिफोर्निया राज्याच्या विधिमंडळाने कायदा मंजूर करून द्राक्षशेती आणि मद्यनिर्मिती यांच्या संशोधनाची व अध्यापनाची जबाबदारी आपल्या विद्यापीठावर सोपविली. पिढीजात चालत आलेला एक व्यवसाय त्या दिवशी शास्त्राच्या दप्तरी दाखल झाला. बर्कली येथे यूजीन हिल्गार्ड यांच्या देखरेखीखाली सुरू झालेले हे कार्य १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या अमलात खंडित झाले आणि बंदी उठल्यावर त्याच विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत नव्याने उभे राहिले. आज जगभरचे विद्यार्थी ही विद्या शिकण्यासाठी तेथे येतात.

या विद्येच्या चार वर्षांच्या पदवीसाठी जो तरुण जातो, त्याच्या वाट्यास प्रथम रसायन, जीवशास्त्र, गणित आणि संख्याशास्त्र हे विषय येतात. कारण मण्यातील साखरेचे मद्यार्कात रूपांतर करणारे यीस्ट कोणत्या उष्णतेस जोमाने वाढते आणि कोणत्या उष्णतेस मरते, हे ज्यास ठाऊक नाही, त्याच्या हाती टाकी सोपविणे धोक्याचे असते. पुढे घ्राणेंद्रियाचे शिक्षण येते. साध्या पांढऱ्या वाइनच्या पेल्यात ढोबळी मिरचीचा लहानसा तुकडा काही वेळ ठेवून तो पेला विद्यार्थ्याच्या नाकाशी धरतात आणि हाच हिरवट वास काबर्ने सोव्हिन्यो जातीच्या अपक्व द्राक्षाच्या वाइनमध्ये ओळखण्यास सांगतात. अशा वासांची नावे एका चक्रात मांडून अ‍ॅन नोबल यांनी येथेच सर्वांसाठी एक सामाईक परिभाषा घडविली. तिकडे एकविसाव्या वर्षाआधी मद्यप्राशनास कायद्याची मनाई आहे. म्हणून अठरा वर्षांवरील विद्यार्थ्यांना अभ्यासाकरिता घोट चाखून थुंकून टाकता यावा, अशी स्वतंत्र तरतूद राज्यास करावी लागली.

डेव्हिसची सर्वांत मौलिक देणगी म्हणजे येथील संशोधक अमेरिन आणि विंक्लर यांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केलेली उष्णमानाची गणना. दिवसाचे सरासरी तापमान दहा अंश सेल्सिअसच्या वर जितके अंश असेल तितके मोजावयाचे, एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत त्यांची बेरीज करावयाची आणि त्या बेरजेवरून राज्याचे पाच विभाग पाडून कोठे कोणती जात लावावी हे ठरवावयाचे, अशी ही सरळ पद्धत आहे.

परंतु मला या विद्यापीठाचा आदर वाटतो तो त्याच्या एका चुकीने दिलेल्या धड्यामुळे. एएक्सआर-१ नावाचा कलमाचा खुंट जोमदार वाढतो आणि भरघोस पीक देतो, म्हणून येथील तज्ज्ञांनी त्याची शिफारस केली. मुळांतील रस शोषणाऱ्या फायलोक्सेरा किडीपुढे तो टिकत नाही, हा युरोपचा अनुभव मात्र पुरेसा विचारात घेतला गेला नाही. १९८०च्या दशकात नापा व सोनोमा येथील बागा त्या किडीने पोखरल्या आणि हजारो एकर वेली उपटून नव्याने लावाव्या लागल्या. ज्याने खुंट निवडला त्याने वीस-तीस वर्षांचे भवितव्य निवडले, हे वेलीचे गणित आहे. आणि डॉगरिज खुंटावर कलमे बांधणाऱ्या आपल्या बागाईतदारास त्याचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

येथेच नाशिक, सांगली किंवा नारायणगावहून ही विद्या घेण्यास निघालेल्या मुलाने थोडे थांबून विचार करावा. तिकडची वेल हिवाळ्यात पर्णहीन होऊन निद्रा घेते आणि तिचे फळ दिवस थंडावत असता शरदात पिकते. आपली वेल झोपत नाही. म्हणून आपण एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी करतो, आणि आपला घड दिवस तापत जाणाऱ्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पक्व होतो. डेव्हिसचे कोष्टक जे महिने मोजते, त्यांतील बहुतेक काळ आपल्या वेलीवर फळच नसते. शिवाय आपले प्रावीण्य थॉम्पसन सीडलेससारख्या खाण्याच्या द्राक्षात आहे, जेथे मणी मोठा, साल पातळ आणि घड देखणा हवा. लाल वाइनसाठी मात्र लहान, जाड सालीचा मणी हवा, कारण रंग आणि तुरटपणा सालीत असतो, आणि त्यासाठी भरघोस उत्पन्नाचा मोह सोडावा लागतो.

तेव्हा डेव्हिसहून परतताना कोष्टक तेथेच राहू द्यावे आणि मोजण्याची सवय तेवढी बरोबर आणावी. नाशिकच्या उष्णमानाची बेरीज फळछाटणीच्या दिवसापासून, नाशिकच्याच बागेत, एकाच वहीत अनेक वर्षे मांडावी लागेल. आणि ती वही आपल्याखेरीज दुसरे कोणी भरणार नाही.