रिपोर्टातला बारा : अन्ननलिकेचा कर्करोग आणि खुणेची प्रथिने

मावशीच्या बायोप्सीचा रिपोर्ट मावसभावाने माझ्यापुढे ठेवला. त्यात एक ओळ होती : पीडी-एल१, सीपीएस १२. ‘‘दादा, म्हणजे बाराच टक्के कॅन्सर ना?’’ त्याने विचारले. मी डॉक्टर नव्हे, या विषयाचा हौशी वाचक. तरी ‘तसे नाही’ एवढे सांगणे भाग होते. मग तो आकडा कसला?

अन्ननलिकेचा कर्करोग मुख्यतः दोन प्रकारचा. अस्तरातल्या चपट्या पेशींपासून होतो तो स्क्वेमस कार्सिनोमा. भारतात आणि चीनमध्ये हाच अधिक आढळतो. तंबाखू, सुपारी व दारू ही त्याची ओळखीची कारणे. मावशीची चाळीस वर्षांची मिश्री त्यातच आली. दुसरा अ‍ॅडिनोकार्सिनोमा. तो बहुधा जठराकडच्या टोकाला होतो आणि वर येणाऱ्या आम्लाशी त्याचे नाते असते.

कुठले प्रथिन तपासायचे, हे या प्रकारावर बरेचसे अवलंबून असते. गाठीचा तुकडा मेणात बसवून त्याचे अतिशय पातळ काप काढतात. ठरावीक प्रथिनालाच चिकटणारे प्रतिपिंड त्यावर सोडतात. प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग उमटतो.

हर-२ हे पेशीला वाढीचा संदेश देणारे प्रथिन. अ‍ॅडिनोकार्सिनोमात ते पाहतात. जठर आणि जठर-अन्ननलिकेच्या सांध्यावरील हर-२युक्त कर्करोगात केमोथेरपीला ट्रास्टुझुमॅबची जोड दिल्यावर मध्यक आयुर्मान ११.१ वरून १३.८ महिन्यांवर गेले, असे २०१० साली ‘टोगा’ चाचणीत दिसले.

पीडी-एल१ची गोष्ट वेगळी. आपल्या टी-पेशींवर पीडी-१ नावाचा ब्रेक असतो. तो १९९२ साली क्योटोत तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत सापडला. २०१८च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. कर्कपेशी पीडी-एल१ पुढे करून हा ब्रेक दाबते आणि टी-पेशी हल्ला थांबवते. पेम्ब्रोलिझुमॅब हा दाब काढतो.

सीपीएस काढताना रंगलेल्या कर्कपेशी, लिम्फोसाइट आणि मॅक्रोफेज एकत्र मोजतात. त्या संख्येला जिवंत कर्कपेशींच्या संख्येने भागून शंभराने गुणतात. म्हणजे बारा हे रोगाचे माप नव्हे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कीनोट-५९०’ चाचणीत ७४९ रुग्ण होते. त्यांतील सीपीएस दहा वा अधिक असलेल्या स्क्वेमस रुग्णांत केमोथेरपीने ८.८ महिने, तर पेम्ब्रोलिझुमॅब जोडल्यावर १३.९ महिने मध्यक आयुर्मान मिळाले.

डॉक्टरांनी तेच औषध सुचवले. खर्च ऐकून घर गप्प झाले. शेवटी नुसती केमोथेरपी झाली.

या खुणांना मर्यादाही आहेत. एकाच गाठीच्या दोन भागांत पीडी-एल१चे प्रमाण वेगळे निघू शकते. रक्तातली सीईए किंवा एससीसी अँटिजेन ही प्रथिने रोगाच्या सुरुवातीला पुष्कळदा सामान्यच असतात. त्यांच्या भरवशावर रोग लवकर पकडता येत नाही. शिवाय अन्ननलिका ताणली जाते, त्यामुळे ती बरीच अरुंद होईपर्यंत त्रास जाणवत नाही.

मावशी कित्येक महिने भाकरीचा घास पाण्याबरोबर उतरवत होती. ‘वय झालं’ म्हणायची, आणि आम्हीही मान डोलावत होतो. घरात कुणाचा घास अडकू लागला, तर एंडोस्कोपी लांबवू नका. आकड्यांचा प्रश्न त्यानंतरचा.