सहा घरे, पाच काडतुसे

इंग्रजी चित्रपटातला काऊबॉय आपण सर्वांनीच पाहिला आहे. एक घोडा त्याच्या मांडीखाली असतो आणि दुसरा कमरेला! पिस्तुलाच्या मागच्या ठोक्याला मराठीत आपण घोडाच म्हणतो ना? हे दुसरे जनावर ओसाड मुलखात दुखणाईत झाले, तर धन्यालाच वैद्य व्हावे लागे.

हार्टफर्डच्या कोल्ट कारखान्याचे १८७३ सालचे ‘सिंगल ॲक्शन आर्मी’ रिव्हॉल्व्हर या घरगुती वैद्यकीला मोठे सोयीचे होते. त्याचा घोडा दर बारीला अंगठ्याने मागे ओढायचा. तो ओढताना चार वेळा ‘टक्’ वाजते. शौकीन म्हणतात, ही कोल्ट नावाची चार इंग्रजी अक्षरेच! पोटात यंत्र थोडकेच. त्यातही आधी मोडते ती चापाला आणि चक्र अडवणाऱ्या खिटीला दाबून धरणारी दुपाखी पोलादी पट्टी. चापाभोवतीची कडी उतरवून एक स्क्रू काढला, की नवी पट्टी बसते. हल्ली पुष्कळजण तिच्या जागी न मोडणारी तारेची स्प्रिंग घालतात. मात्र घरातला निमुळत्या पात्याचा स्क्रू-ड्रायव्हर येथे घेऊ नये. तो खाचेतून निसटतो आणि स्क्रूचे तोंड कायमचे विद्रूप करतो. पाते समांतर बाजूंचे, खाचेत गच्च बसणारे हवे.

येथवर ठीक. पण चाप हलका व्हावा म्हणून घोड्याच्या खाचा घासणारे हौशी लोक भेटतात, त्यांच्यापुढे हात जोडावेत. जुन्या भागांचा कठीणपणा वरच्या पातळ थरातच असतो. तो गेला की खाच झिजते आणि चापाला बोट न लावता घोडा पडू शकतो. (आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याने दुरुस्तीच्या धंद्याला परवाना लागतो, ते उगाच नव्हे.)

मूळचा दोष मात्र घासून जाणारा नव्हता. मिटलेल्या घोड्याचे टोक थेट काडतुसावर टेकते. पिस्तूल हातून पडले, तर बार उडायचा. म्हणून शहाणा माणूस सहा घरांत पाचच काडतुसे भरी आणि घोड्याखालचे घर रिकामे ठेवी.

रुगर कंपनीने १९५३ पासून याच घाटाची रिव्हॉल्व्हरे काढली. तिने पट्ट्या टाकून वेटोळ्या स्प्रिंगा घातल्या, पण हा धोका तसाच राहिला. तो १९७३ साली गेला. चाप ओढला तरच एक पट्टी वर सरकते आणि घोड्याचा ठोका तिच्यामार्फत पुढे पोहोचतो. एरवी मध्ये पोकळीच! जुन्या गिऱ्हाइकांनाही कंपनी ही सुधारणा विनामूल्य करून देते. तरी कित्येकजण पिस्तूल पाठवत नाहीत. जुन्या घडणीचा मऊपणा जातो, ही त्यांची तक्रार. शिवाय संग्राहक अस्सल भागांनाच जास्त मोल देतात. कंपनीलाही हे ठाऊक असावे. कारण दुरुस्त पिस्तुलाबरोबर काढलेले जुने भागही ती मालकाकडे परत धाडते.