नर्सिंग ब्युरो सुरू करताय? पहिली सिस्टर पाठवण्याआधी हा विमा समजून घ्या



परळ-दादर पट्ट्यात घरगुती नर्सिंगला गिऱ्हाईक शोधत फिरावं लागत नाही. एकीकडे केईएम, टाटा मेमोरियल, वाडिया. दुसरीकडे गिरगाव-लालबागच्या चाळींत नाहीतर नव्या टॉवरमध्ये एकटे राहणारे आई-बाबा. डिस्चार्ज मिळाला की ड्रेसिंगला, इंजेक्शनला, नळीतून जेवण द्यायला सिस्टर हवी. एक फोन, ओळखीच्या चार सिस्टर, एक व्हॉट्सॲप ग्रुप, झाला धंदा सुरू!

पण सिस्टरच्या हातून चूक झाली तर पैसे कोण भरणार?

समजा, लालबागच्या एका आजोबांना तुमची सिस्टर रोज इन्सुलिन देते. एके दिवशी डोस जास्त गेला, रात्री साखर उतरली, आजोबा आयसीयूत. मुलगा बिल घेऊन तुमच्या दारात. तुम्ही म्हणाल, "मी फक्त सिस्टरशी गाठ घालून दिली." पण पावती कुणाच्या नावाची? पैसे कुणाच्या खात्यात आले? तुमच्याच ना!

कायदा काय म्हणतो?

पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच व्ही. पी. शांता खटल्यात स्पष्ट केलं. १९९८ चा स्प्रिंग मेडोज हॉस्पिटलचा निकाल तर आपल्या धंद्याला थेट लागू पडतो. टायफॉइड झालेल्या लहान मुलाला नर्सने चुकीचं इंजेक्शन शिरेतून दिलं आणि त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली. कर्मचाऱ्यांच्या चुकीची जबाबदारी रुग्णालयावर आली. मुलाला साडेबारा लाख आणि आईवडिलांना पाच लाख रुपये भरपाई मंजूर झाली. ब्युरो छोटा असला म्हणून हे तत्त्व बदलत नाही.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारीला साधारण दोन वर्षांची मुदत असते. शिवाय तक्रारदार स्वतः राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करू शकतो. टाटाच्या उपचारांसाठी दादरला महिनाभर राहिलेलं कोल्हापूरचं कुटुंब तुम्हाला कोल्हापूरला बोलावू शकतं, बरं का!

तुमचा ब्युरो एकल मालकीचा असेल, तर धंद्याचं देणं आणि घरचं देणं वेगळं राहत नाही. भरपाई तुमच्या बचतीतून, वेळ आली तर खोली विकून द्यावी लागते.

पॉलिसीत काय बघायचं?

या विम्याला प्रोफेशनल इन्डेम्निटी म्हणतात, एजंट लोक 'पीआय' म्हणतात. एजंटसमोर बसाल तेव्हा चार गोष्टी विचारा.

१. पॉलिसी कुणाच्या नावाची? सिस्टरची वैयक्तिक पॉलिसी सिस्टरला वाचवते. ब्युरोवरचा दावा तिच्यात बसेलच असं नाही. ब्युरोची स्वतःची पॉलिसी हवी, आणि तुम्ही पाठवता त्या सिस्टरच्या चुकीमुळे ब्युरोवर येणारी जबाबदारी तिच्यात लिहिलेली हवी.

२. एका दाव्याला किती? वर्षाची मर्यादा ५० लाख ऐकून खूश होऊ नका. प्रमाण १:२ असेल तर एका घटनेला २५ लाखच मिळतात. वकिलाचा खर्चही बहुतेक वेळा त्याच रकमेतून जातो.

३. रेट्रोॲक्टिव्ह तारीख कोणती? इथेच बहुतेक जण फसतात. ही पॉलिसी 'क्लेम्स मेड' पद्धतीची असते. दावा येतो त्या दिवशी पॉलिसी चालू हवी, आणि चूक रेट्रोॲक्टिव्ह तारखेनंतरची हवी. ही तारीख साधारणपणे पहिल्या पॉलिसीची असते. समजा, पहिली पॉलिसी १ एप्रिल २०२४ ची, चूक ऑगस्ट २०२४ मधली आणि दावा जानेवारी २०२६ मध्ये आला. दरवर्षी वेळेवर रिन्यू केलं असेल तर तुम्ही सुरक्षित. पण एप्रिल २०२५ चं रिन्यूअल राहिलं आणि जूनमध्ये नवी पॉलिसी काढली, तर तारीख जूनपासून धरली जाऊ शकते. मग ती जुनी चूक तुमच्या खिशावर! धंदा बंद केलात तरी तक्रारीची मुदत संपेपर्यंत संरक्षण कसं चालू ठेवायचं, हेही विचारून घ्या.

४. काय बसत नाही? मुद्दाम केलेलं कृत्य, नशेत केलेलं काम, सरकारी दंड हे वगळलेलं असतं. घरातून दागिना गेला, तर तो या पॉलिसीचा विषय नाही. सिस्टरला स्वतःला सुई टोचली तर त्यासाठी कर्मचारी भरपाईचा वेगळा विमा लागतो.

मावशीला सिस्टर म्हणून पाठवू नका

सिस्टर मिळाली नाही की मावशींना पाठवायचं आणि इंजेक्शनही द्यायला लावायचं, ही सवय मोडा. अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनर स्वतः तपासून औषध लिहून देतात, आणि तशा जबाबदारीचा विमाही काढतात. आपल्याकडे घरी जाणारी सिस्टर डॉक्टरांच्या लेखी सूचनेवर काम करते. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या एका होमिओपॅथी डॉक्टरांना ॲलोपॅथीची औषधं दिल्याबद्दल निष्काळजी ठरवलं. जे शिक्षण घेतलं नाही ते काम करणं हाच निष्काळजीपणा, असं न्यायालयाने म्हटलं. नोंदणी नसलेल्या व्यक्तीने दिलेल्या इंजेक्शनवरून दावा आला, तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारेल.

म्हणून प्रत्येक सिस्टरची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आणि तिची मुदत तपासा, झेरॉक्स फाइलला लावा. डॉक्टरांची चिठ्ठी, दिलेलं औषध, वेळ आणि सही असलेली वही पेशंटच्या घरी ठेवा. रोज तिचा फोटो मागवा. सिस्टर बरोबर असेल, तर ते दाखवायला हीच वही उपयोगी पडेल.

चूक झालीच तर?

आधी पेशंट. डॉक्टरांना फोन करा, काय दिलं ते खरं सांगा. घरच्यांना धीर द्या, सोबत दवाखान्यात जा. मात्र "भरपाई आम्ही देतो" असं कबूल करण्याआधी विमा कंपनीशी बोला, कारण त्यांच्या संमतीशिवाय मान्य केलेली रक्कम ते नाकारू शकतात. त्याच दिवशी कंपनीला लेखी कळवा. वहीत मागाहून एक अक्षरही बदलू नका.

या आठवड्याचा गृहपाठ: दोन कंपन्यांकडून कोटेशन मागवा आणि वरचे चार प्रश्न दोघांनाही विचारा. उत्तरं तोंडी नको, ईमेलवर घ्या. आणि प्रीमियमची रक्कम ताशी दरात आधीच धरा. तो तुमच्या धंद्याचा खर्चच आहे, जसं फोनचं बिल.