रानपिंगळ्याचा माग आणि संशोधनाची वाट

वन्यजीव संशोधनाची वाट जंगलातूनच सुरू होते, असा पदवीधर विद्यार्थ्यांचा समज असतो. बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील खकनारच्या सागवानी जंगलात आढळणाऱ्या रानपिंगळ्याची कथा मात्र वेगळे सांगते.

अ‍ॅलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये या लहान घुबडाचे शास्त्रीय वर्णन केले. १८८४ नंतर त्याचा खात्रीलायक नमुना मिळाला नाही. कर्नल माइनर्ट्झहागेन यांनी १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवी येथे तो मिळवल्याचा दावा केला आणि पुढील शोधमोहिमांची दिशा चुकली. पामेला रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी संग्रहालयातील नमुने तपासले, तेव्हा तो नमुना जुनाच, चोरून पुन्हा भरलेला असल्याचे सिद्ध झाले. ती नोंद बाजूला सारून खऱ्या नोंदींच्या ठिकाणी शोध घेण्यात आला आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ, ११३ वर्षांनंतर, रानपिंगळा पुन्हा दिसला.

दर्शनानंतर खरे काम सुरू झाले. फराह इश्तियाक व असद रहमानी यांनी चौदा वनक्षेत्रे पाहिली. त्यांपैकी केवळ चार ठिकाणी मिळून २५ पक्षी आढळले. हा पक्षी दिवसाही शिकार करतो, उंदीर व सरडे खातो आणि झाडांच्या ढोलीत घरटे करतो. म्हणजेच जुनी, ढोली असलेली झाडे तोडली गेली, तर जंगल हिरवे दिसूनही त्याचे घर नाहीसे होते. बुऱ्हाणपूरच्या जंगलांवर वृक्षतोड व अतिक्रमणाचे संकट असल्याने या माहितीचे मोल अधिक आहे. २०१८ मध्ये हा पक्षी ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून ‘संकटग्रस्त’ वर्गात आला, तोही नव्या ठिकाणांच्या नोंदींमुळे.

या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्यांना डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळुरूचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र येथे पदव्युत्तर अभ्यासक्रम उपलब्ध आहेत. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ पासून कार्यरत आहे. प्राणिशास्त्राइतकेच संख्याशास्त्र आवश्यक ठरते, स्थानिक भाषाही. खकनार परिसरात हिंदी व मराठीसोबत कोरकू कानी पडते, आणि ढोलीचे झाड कुठे उभे आहे, हे तिथल्या गुराख्याला आधी ठाऊक असते. त्याच्याकडून ऐकणे, ऐकलेले तपासणे आणि मग नोंदवणे, हाच या शास्त्राचा पहिला धडा होय.